नेपाळात चालणारं कार्ड

गुलाबराव चरपे काहीही विकत घेतलं की पैसे काढण्याआधी एक प्रश्न विचारायचे, "वरून काय?"

भाजीवालीकडून पालकाच्या दोन जुड्या घेतल्या की "वरून काय?" ती दोन मिरच्या टाकायची. शिंप्यानं सदरा शिवून दिला की "वरून काय?" तो दोन गुंड्या पुडीत बांधून द्यायचा. इथपर्यंत ठीक आहे, हे आपल्यातले बरेच जण करतात. पण गुलाबराव, म्हणजे आमचे शेजारचे काकाजी, रेल्वेच्या तिकीट खिडकीत वाकूनसुद्धा हेच विचारायचे. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. दंडावर कापूस चोळत काकाजींनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, वरून काय?" डॉक्टर नवा होता बिचारा. त्यानं गोंधळून खोकल्याच्या औषधाची नमुन्याची बाटली दिली. काकाजींना खोकला नव्हता. ती बाटली घेऊन ते सरळ आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "ठेवून दे वं, मंदे. तुह्या बाबाले होईन कधी ना कधी."

त्यांचं घर आमच्या घराला लागून, नागपुरात गणेशपेठेत. मध्ये छातीएवढी भिंत. ते मूळचे काटोलचे, संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या बाजारात शंभर फळं विकली की पाच फळं वरून द्यायची, अशी रीत होती. शंभर म्हणजे एकशे पाच, हे त्यांच्या हातांना लहानपणापासूनच शिकवलेलं. त्यामुळे नुसतं शंभर त्यांना कायम कमीच वाटायचं. स्वतः मात्र गिऱ्हाइकाला पाचाच्या जागी कधी सहा दिली नाहीत आणि कधी चारही दिली नाहीत.

काकी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी शालू नऊ वर्षांची होती. माझे बाबा काकाजींसोबत लाकडं आणायला वखारीत गेले होते. वखारवाल्यानं लाकडं तोलून दिली आणि काकाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वरून काय?" वखारवाल्यानं दोन फाटे उचलून वर ठेवले. मग काकाजी तिथंच लाकडांवर बसले आणि हमसून हमसून रडले. बाबा हे सांगताना दर वेळी मध्येच थांबायचे.

शालूला त्यांनी एकट्यानं वाढवलं. सकाळी बाजारात जाण्याआधी तिची वेणी घालायचे. ती वेणी कायम एका बाजूला कलायची. माझी आई सोडून पुन्हा घालायला गेली की शालू डोकं मागं घ्यायची. "राहू द्या ना काकू, बाबांनी घातली आहे," म्हणायची. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिच्या जुन्या पुस्तकांवर मी शिकले, आणि तिच्यासारखं अक्षर काढायला जाऊन माझं अक्षर बिघडलं.

शालू शेतकी कॉलेजात गेली. तिथं तिच्या वर्गात नेपाळहून शिकायला आलेला एक मुलगा होता. शांत, उंच, मराठी बोलताना लाजणारा. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. तो काकाजींना भेटायला घरी आला, तेव्हा काकाजी त्याच्याशी वाईट बोलले नाहीत. चहा दिला. तो गेल्यावर शालूला म्हणाले, "एवढ्या दूर? तुले काही झालं तं मी पोचीन कसा?" शालू म्हणाली, "गाडी जाते, बाबा." "मी नाही येत," काकाजी म्हणाले, आणि तिथून पुढं त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. लग्न कचेरीत झालं. आमच्या घरून सगळे गेले. शेजारच्या घरून कोणी गेलं नाही.

निघण्याच्या दिवशी शालू पाया पडायला आली. मी भिंतीशी उभी होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगणात संत्र्यांचा ढीग होता आणि काकाजी मोजत होते. दोन हातांत पाच फळं उचलायची, पलीकडे टाकायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. "साठ… पासष्ट… सत्तर…" शालू वाकली, पायांना हात लावला. "पंच्याहत्तर… ऐंशी…" ती बाजूला उभी राहिली. शंभर भरेपर्यंत थांबली. तिला वाटलं असेल, शंभर झाले की बाबा मान वर करतील. शंभर झाले, काकाजींनी वरची पाच टाकली आणि पुढच्या ढिगाला हात घातला. "पाच… दहा…"

ती गेली. रिक्षा वळेपर्यंत मागं पाहत होती. त्या दिवशी मला काकाजींचा इतका राग आला की सहा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

शालू काठमांडूहून माझ्या आईला पत्रं लिहायची, वर्षातून दोन-तीन. शेवटी एक ओळ ठरलेली, बाबा कसे आहेत? पोस्टमन आमच्याकडे थांबला की काकाजी भिंतीशी यायचे. पत्रात काय आहे हे कधी विचारलं नाही. इकडचं-तिकडचं बोलायचे, मग हळूच म्हणायचे, "वहिनी, ते पाकिटावरचं टिकट तुमच्या काही कामाचं नसंन?" आई अख्खं पाकीट देऊन टाकायची. तिकीट फाडून घेतलं आणि पाकीट परत दिलं, असं कधी झालं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मी सीताबर्डीच्या एका बँकेत नोकरीला लागले होते, काउंटरवर बसायची. मी तापट आहे. काउंटरवरच्या बाईनं तापट असू नये असं आमचे साहेब म्हणायचे. मी म्हणायची, एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखवा, मग बोला.

ऐंशी साल मागं पडून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी शालूचं पत्र आलं. आईनं ते मुद्दाम अंगणात, भिंतीजवळ उभं राहून मोठ्यानं वाचलं. "काकू, बाबांचं आता वय झालं. त्यांना म्हणावं, एकदा येऊन जा. दोन नातू आहेत, त्यांनी आजोबा पाहिलेले नाहीत. काही आणू नका म्हणावं. मी काही मागणार नाही. फक्त या."

भिंतीपलीकडे काकाजी दोरीवर धोतर वाळत घालत होते. ते धोतर तसंच हातात धरून आले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "वहिनी, पत्र द्या."

रात्रीपर्यंत त्यांनी ते परत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "जातो मी."

आई तर देवापुढं साखर ठेवून आली. मी गोरखपूरच्या गाडीची वेळ विचारून ठेवली. तिथून पुढं बस होती. आठ दिवस गेले, पंधरा गेले, काकाजी निघायचं नाव घेईनात. आणि एके दिवशी दुपारी माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले.

"मंदे, ते प्लास्टिकचं कार्ड काढलं म्हणते तुह्या बँकेनं. दाखव बरं."

आमच्या बँकेनं नुकतंच क्रेडिट कार्ड काढलं होतं. नागपुरात त्या वस्तूचं नेमकं काय करायचं हे फार लोकांना माहीत नव्हतं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना फॉर्म खपवायला दिले होते. डॉक्टर यायचे, वकील यायचे, कंत्राटदार यायचे, आणि पहिला प्रश्न एकच, "फॉरेनमध्ये चालतं का?" मी सांगायची, "भारतात आणि नेपाळात." लोक हसायचे. एक कंत्राटदार तर म्हणाला, "नेपाळात कोण चाललंय, मॅडम?" मीही हसायची.

काकाजींना मी तेच सांगितलं. ते हसले नाहीत. खिडकीच्या लाकडाला दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "नेपाळात चालते? पक्कं?"

"पक्कं."

"अन् वरून काय?"

"अपघाती विमा. अपघातात मेलात तर घरच्यांना पैसे."

"म्हणजे वरून जे हाय ते मेल्यावर?" काकाजी म्हणाले. "थांब. समोर पाहून येतो."

समोर, रस्त्यापलीकडे, दुसरी बँक होती. तिनंही कार्ड काढलं होतं आणि त्यासोबत दुकानांची एक छोटी पुस्तिका. त्या दुकानांत कार्ड दाखवलं की शंभराला पाच रुपये सूट. काकाजी अर्ध्या तासात धापा टाकत परत आले. "शंभरावर पाच! अवं, हे तं आपल्या बाजाराचं कार्ड झालं!"

मग त्यांनी पुढचे आठ दिवस काय करावं? सायकल काढली आणि पुस्तिकेतल्या एकेका दुकानात जाऊन, ही सूट खरीच देता का, याची चौकशी सुरू केली. सराफाकडे गेले, टायरवाल्याकडे गेले. एक दुकान बंद पडून तिथं पिठाची गिरणी सुरू झाली होती, त्या गिरणीवाल्यालाही विचारलं. यादीत एक प्रसूतिगृह होतं, तिथंही पोचले. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण आहे?" काकाजी म्हणाले, "पेशंट नाही. सूट पाहून राहिलो." तिनं त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या एका मोठ्या बँकेलाही त्यांनी पोस्टकार्ड टाकलं, आपले कार्ड काठमांडूत चालते काय, व वरून काय देता? त्याचं उत्तर आलं नाही.

असा सगळा मिळून दीड महिना गेला. मला तर संताप यायचा. अकरा वर्षांनी पोरीनं दार उघडलं होतं, आणि हा माणूस आत जाण्याआधी कोणत्या कार्डावर किती सूट मिळते ते पाहत फिरत होता. शालूनं एकदा लिहिलं, पुन्हा लिहील याची काय खात्री? एका संध्याकाळी मी भिंतीवरून बोललेच. "काकाजी, समोरच्यांचं कार्ड नेपाळात चालत नाही. आमचं चालतं, पण वरून काही मिळत नाही. दोन्ही एका जागी मिळणार नाही. तुम्हाला पोरीकडं जायचं आहे का सूट घ्यायची आहे, ते एकदा ठरवा."

ते घरात निघून गेले. मला वाटलं, मी जरा जास्तच बोलले.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले. धुतलेला सदरा, टोपी, सोबत आयकराचे कागद. "दे फॉर्म," म्हणाले. मी एकेक रकाना विचारून भरत गेले. जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, असा एक रकाना होता. काकाजींनी शालूचं नाव सांगितलं आणि काठमांडूचा तिचा पूर्ण पत्ता, घर नंबर, गल्ली, पोस्ट, एका दमात म्हणून दाखवला. मला तो पाठ नव्हता, आणि मी तिला दर सणाला पत्र लिहायची.

सही केली. वार्षिक फी भरली. मी वाट पाहत होते, पण त्यांनी "वरून काय?" विचारलं नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच होत होतं.

"काकाजी, एक विचारू?" मी म्हटलं. "एवढी धावपळ काहून करून राहिले तुम्ही? आपले पैसे चालतात तिकडं. रोख घ्या, कमरेला बांधा, अन् निघा ना."

"रोख नाही नेत."

"काहून?"

मागं रांग होती. काकाजींनी एकदा रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "रोख नेली का माहा हात खिशात जाते. हात खिशात गेला का बोटं मोजतात. मी नाही मोजत वं, बोटंच मोजतात. शालू लहान होती तवा दिवाळीच्या कापडाले नेवो तिले. पैसे मुठीत धरून नेवो. तिनं एखाद्या कापडाले हात लावला का माही मूठ उघडे. पाहो मी, किती आहे. तोंडानं तिले कधी नाही म्हटलं नाही, आईची शपथ. पण तिले मूठ दिसे ना. मंग ती हात काढून घे." त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "या कार्डात किती आहे, ते दिसत तं नाही?"

"नाही दिसत," मी म्हटलं.

"मंग मले हेच पायजे. तिले दुकानात नेतो, म्हणतो, जे पायजे ते घे. मले माहीतच नसंन किती आहे, तं मी पाहीन काय?"

रांगेतला माणूस खाकरला. मी त्याला इतक्या जोरात "थांबा हो!" म्हटलं की साहेब केबिनमधून बाहेर आले.

कार्ड यायला तीन आठवडे लागले. काकाजींनी ते रुमालात बांधून घरी नेलं. नेपाळातल्या दुकानांची यादी आमच्याकडेही होती, अगदी लहान. दोन-तीन हॉटेलं, एक कॅमेऱ्याचं दुकान आणि एक मोठं कापडाचं दुकान. काकाजींनी कापडाच्या दुकानाचा पत्ता कागदावर उतरवून घेतला. पौष महिन्यात ते निघाले. अंगात सुती कोट, डोक्यावर टोपी, एक वळकटी आणि संत्र्यांची एक पेटी. त्या पेटीतली फळं त्यांनी मोजली नव्हती. मी पाहत होते, पेटीत मावतील तेवढी भरली.

तीन आठवडे पत्र नाही, तार नाही. आई रोज उंबऱ्यात उभी. माझ्या मनात नको ते यायचं. शालू काही बोलली असेल का? हे तिथंही काही मोजत बसले असतील का? मग एका रविवारी सकाळी भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. काकाजी आले होते. वाळले होते, पण तोंडावर तकाकी होती.

"कशी आहे शालू?" आईनं विचारलं.

"बरी आहे, वहिनी. केस पिकले थोडे." मग स्वतःशीच मान हलवली. "माह्या पोरीचे केस पिकले."

बस पोचली तेव्हा शालू अड्ड्यावर उभी होती. काकाजी आधी दुसऱ्याच बाईकडे पाहत राहिले होते. शालूनंच हाक मारली आणि गर्दीत वाकून पायांना हात लावला. "मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं," काकाजी म्हणाले. "पेटी खाली पडली तं पडू दिली. संत्री घरंगळली. लोक वेचून देऊन राहिले होते." नातू त्यांना हजुरबा म्हणत, म्हणजे तिकडच्या भाषेत आजोबा. जावई त्यांच्यासाठी रोज सकाळी पाणी गरम करून ठेवायचा. सगळं नीट झालं होतं. आईनं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेली.

"अन् दुकानात गेले होते का?" मी विचारलं.

काकाजी आमच्या अंगणात येऊन पायरीवर बसले.

"चौथ्या दिवशी नेलं तिले. येतच नव्हती. म्हणे, बाबा, काही नको. मी म्हटलं, चाल, नुसतं पाहू. मोठं दुकान होतं वं. दुकानदाराले कार्ड दाखवलं, त्यानं नमस्कार केला मले. मी शालूले म्हटलं, घे. जे पायजे ते घे. अन् मी दुसरीकडं तोंड करून बसलो, का तिले वाटू नये बाप पाहून राहिला म्हणून."

"मग?"

"तिनं एक शाल घेतली हातात. त्या शालीले किमतीची चिठ्ठी होती, दोऱ्यानं बांधलेली. ते चिठ्ठी पलटवून पाहिली, अन् शाल ठेवून दिली. दुसरी घेतली, चिठ्ठी पाहिली, ठेवून दिली. एक रेशमी साडी होती, जांभळी. ते तिले आवडली. मले समजते ना. पदर बोटात धरून उभी राहिली. मंग चिठ्ठी पाहिली, अन् साडी घडी करून ठेवली. नीट घडी केली, दुकानदाराले त्रास नको म्हणून." काकाजींनी चिठ्ठी धरल्यासारखी दोन बोटं वर केली, पुन्हा खाली आणली. "शेवटी तिनं एक कानटोपी घेतली. धाकट्याले. स्वतःले काहीच नाही."

पुढं जे झालं ते ऐकून मला हसू आवरेना, आणि हसण्याची लाजही वाटेना, कारण काकाजीही हसले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कार्डाला प्लास्टिक चढवून घेतलं होतं, रेशन कार्डाला चढवतात तसं. पाऊसपाण्यानं खराब होऊ नये म्हणून, आणि एका थराचा भरवसा नाही म्हणून दोन थर. आता हे कार्ड एका लोखंडी यंत्रात ठेवून वरून दांडा सरकवावा लागतो, तेव्हा कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटतात. दोन थरांच्या खाली अक्षरं दडून गेलेली. कार्ड यंत्रात बसेचना. दुकानदारानं हात जोडले. "बाबूजी, छोटी सी चीज़ है, नगद दे दीजिए."

"माह्याजवळ नगद नव्हतंच," काकाजी म्हणाले. "वाटखर्चाचं होतं ते शालूच्या घरी ठेवून गेलतो, मुद्दाम. शालूनं पर्स काढली. मी म्हटलं, खबरदार. मंग आम्ही दोघं तिथंच गादीवर बसलो अन् नखानं प्लास्टिक सोललं. एक कोपरा तिनं धरला, एक मी. तासभर लागला असंन. दुकानदारानं चहा पाजला. सोलता सोलता ती हसे, हसता हसता रडे. म्हणे, बाबा, एवढ्याशा कानटोपीसाठी? मी म्हटलं, तूच तं घेतली एवढीशी."

मला वाटलं, गोष्ट संपली. पण ते पायरीवरून उठले नाहीत.

"मी नाही मोजलं, मंदे," ते म्हणाले. "एक डाव नाही मोजलं. तिनंच मोजलं. घरी सगळं आहे तिच्या, नवरा साहेब आहे, दोन लेकरांची माय आहे. अन् बापासंग दुकानात गेली का चिठ्ठी पलटवते. कोणाजवळ शिकली ती हे? माह्याजवळच ना?"

आजवर या माणसावर मी किती हसले, किती चिडले, ते सगळं आठवलं आणि रडू आलं. मी रडले. काकाजींनी मला रडू दिलं.

कानटोपीचं बिल महिन्याभरानं बँकेत आलं. काकाजी ते भरायला आले, तेव्हा दुपारची वेळ होती आणि खिडकीशी कोणी नव्हतं. पैसे भरून झाले तरी ते गेले नाहीत.

"पुढच्या थंडीत पुन्हा जातो मी. पोरीले सांगून आलो. ती म्हणे, या. तुले इंग्रजी येते. त्या कापडवाल्याले एक पत्र लिहून दे."

मी कोरा कागद घेतला. काकाजी सांगू लागले.

"लिही, मी नागपूरचा गुलाबराव चरपे. गेल्या खेपेले कार्ड सोलून कानटोपी घेतली होती, तो. तुम्हाले याद असंन."

मी लिहिलं.

"पुढच्या थंडीत मी माह्या पोरीले घेऊन येतो. यायच्या आधी तारीख कळवीन. त्या दिवशी तुमच्या साड्यांच्या अन् शालींच्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून ठेवा."

माझा पेन थांबला. "सगळ्या?"

"सगळ्या. अन् पुढं लिही, पोरीनं भाव विचारला तं सांगू नका. माह्याकडं पाहून विचारला तं अजिबात सांगू नका." ते खिडकीवर वाकून कागदाकडे पाहू लागले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "इंग्रजीत 'अजिबात' म्हणता येते ना?"

"येतं, काकाजी," मी म्हटलं, आणि तो शब्द दोनदा लिहिला.